लॉईडचं शून्य

लॉईडला मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो माझ्याकडे पाठ करून माझ्याच दिशेने धावत येत होता. कायझर्सलाउटर्नला आमची इमारत संपते तिथेच जंगल सुरू होतं आणि त्यातून चढाची एक पायवाट वर जाते. रविवारी सकाळी मी त्या वाटेने खाली उतरत होतो आणि खालून एक उंचापुरा कृष्णवर्णीय माणूस कमरेत किंचित वाकून, उलट्या पावलांनी भराभर चढ चढत होता. मी बावचळून वाटेच्या मधोमध उभा राहिलो. चार हातांवर आल्यावर तो मागे न बघताच म्हणाला, "गुड मॉर्निंग. तू हलू नकोस, मी वळतो." आणि खरोखरच मला वळसा घालून तो वर निघून गेला. पुढे गेल्यावर त्याचं तोंड माझ्याकडे आलं, तेव्हा तो हसत होता.

संध्याकाळी तोच माणूस आमच्या जिन्यात भेटला, दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट घेऊन. तो आणि त्याची जर्मन बायको आन्या आमच्या खालच्याच मजल्यावर नुकते राहायला आले होते. मी नाकासमोर चालणारा पुणेकर, त्यामुळे आधी तोच प्रश्न विचारला: उलटा का धावतोस?

"ती माझी नोकरी आहे," लॉईड म्हणाला.

नोकरी म्हणजे अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात धरून एकमेकांवर आदळतात तो खेळ. लॉईड त्यात बचावाच्या फळीत अगदी मागे, कोपऱ्यावर उभा राहायचा. समोरचा भिडू सुसाट पुढे पळत येतो, चेंडू झेलण्यासाठी. त्याच्यावरची नजर न काढता कोपऱ्यावाल्याने तेवढ्याच वेगाने मागे मागे जायचं, आणि चेंडू आलाच तर मध्ये हात घालायचा. पुढचा कुठे वळणार हे पुढच्याला ठाऊक असतं, ह्याला नसतं. मी शाळेत कबड्डी खेळायचो, डाव्या कोपऱ्यावर. चढाई करणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नका, कमरेकडे बघा, असं आमचे मास्तर ओरडायचे. हे सांगितल्यावर लॉईडने हातातले क्रेट जिन्यातच खाली ठेवले. "डोळे खोटं बोलतात," तो म्हणाला, "खांदे खोटं बोलतात. कंबर नाही बोलत. तुझ्या मास्तरांना माझा सलाम सांग." अलाबामातल्या एका छोट्या गावचं त्याचं संथ, गोड इंग्रजी मी इथे मराठीत आणतोय. त्यातला ठसका वाटेत सांडला असेल तर दोष माझा.

त्याला जाऊन दोन वर्षं झाली. कागदावर न्यूमोनिया लिहिलं आहे. कागदावर किती विश्वास ठेवावा, ते पुढे येईलच.

स्वतःच्या कारकिर्दीबद्दल तो मजेत सांगायचा, जणू शेजारच्या कुणाची गोष्ट आहे. कॉलेजच्या संघात तो शिष्यवृत्तीशिवाय शिरला. पहिलं वर्षभर काम एकच: सरावात मुख्य संघाने ह्याच्यावर आदळायचं. "आम्ही म्हणजे गाद्या होतो," तो म्हणायचा, "फक्त गाद्यांना हेल्मेट होतं." दुसऱ्या वर्षी कोपऱ्यावरचा मुलगा जायबंदी झाला आणि ह्याला उभं केलं. तिसऱ्या वर्षापर्यंत समोरचे संघ ह्याच्या बाजूला चेंडू टाकायलाच घाबरू लागले. शेवटच्या वर्षी वर्तमानपत्रात फोटो आला, तो आईने फ्रिजवर लावला. मग व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात ते दिवस आले. अख्खं चर्च ह्यांच्या घरी जेवायला जमलं, टीव्ही लावून बसलं. तीन दिवस नावं पुकारली जात होती. ह्याचं नाव आलं नाही. आईने उरलेलं अन्न डब्यांत भरून लोकांना परत दिलं आणि सगळे निघून गेल्यावर एका संघाचा फोन आला: असाच ये, बघू.

त्या संघात तो दोन वर्षं होता, बहुतेक काळ सरावापुरता. खऱ्या सामन्यांत चार रविवार उतरला. चौथ्या रविवारी समोरच्या भिडूने ह्याला हुलकावणी देऊन गुण केला. ती चित्रफीत इंटरनेटवर आहे. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला लॉईड ती आपण होऊन दाखवायचा. अकरा सेकंद. त्यातही ह्याचा चेहरा दिसत नाही, नुसती पाठ. "कॅमेरा चेंडूबरोबर जातो, डॉक. कोपऱ्यावाला चांगला खेळला तर टीव्हीवर दिसतच नाही. दिसला, की समज काहीतरी चुकलंय." पुढच्या मंगळवारी एक माणूस खोलीच्या दारात येऊन म्हणाला, कोचने बोलावलंय, डावपेचांची वही घेऊन ये. वही घेऊन ये म्हणजे परत यायचं नाही. मग दोन वर्षं कॅनडा, आणि मग आमच्या गावच्या फेराइनने, म्हणजे क्रीडामंडळाने, त्याला जर्मनीत आणलं.

डॉक म्हणजे मी. मी इंजिनिअरिंगचा डॉक्टर आहे, साधी डोकेदुखीची गोळीही बायकोला विचारून घेतो. पण दारावर "डॉ." लिहिलेली पाटी लॉईडने वाचली आणि त्या दिवसापासून मी डॉक झालो. इथल्या एका संशोधन संस्थेत मी मोजमापाची यंत्रं तपासतो. यंत्र काय दाखवतं ते महत्त्वाचं नसतं, ते कुठून मोजतंय ते महत्त्वाचं असतं. त्यावर काही वजन नसताना काटा नेमका कुठे आहे, ते ठरवणं ही माझी भाकरी. शून्य चुकलं, की पुढचं सगळं चुकतं, आणि कितीही दशांश स्थळांपर्यंत मोजलं तरी चूकच राहतं. हे वाक्य मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगतो. हल्ली ते घाईने सांगून पुढच्या पानावर जातो.

मी त्या खेळाच्या वाटेला गेलो नसतो, पण माझी मुलगी इरा तेव्हा बारा वर्षांची होती आणि लॉईड मुलींना फ्लॅग फुटबॉल शिकवायचा. त्यात आदळणं नसतं, कमरेची पट्टी ओढायची असते. जर्मनीत मूल फेराइनमध्ये घातलं, की आईबाप आपोआप केक भाजायला आणि टेबलं उचलायला लागतात. माझी बायको मेधा केक भाजू लागली. मला लॅपटॉप मिळाला. संघाचे डॉक्टर म्हणजे गावातले एक हाडांचे डॉक्टर, शनिवारी हौसेने येणारे. त्यांनी एक चाचणी सुरू करायची ठरवली होती. हंगामाआधी प्रत्येक खेळाडूने लॅपटॉपसमोर वीस मिनिटं बसायचं. शब्द लक्षात ठेवायचे, आकृत्या जुळवायच्या, दिवा लागला की बटण दाबायचं. आलेला आकडा जपून ठेवायचा. पुढे कुणाच्या डोक्याला मार बसला तर तीच चाचणी पुन्हा. आकडा घसरला असेल तर खेळ बंद. म्हणजे हंगामाआधीचा आकडा हे त्या डोक्याचं शून्य. असलं काम माझ्याशिवाय कोणाला देणार?

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी फेराइनच्या बैठ्या इमारतीत, भाजलेल्या सॉसेजच्या आणि ओल्या मोज्यांच्या वासात मी एकेकाला बसवत होतो. लॉईडचा आकडा आला तो सगळ्यांत खालचा. ज्या माणसाला आपल्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातला प्रत्येक डाव, वारा कुठून होता त्यासकट आठवत होता, त्याला बारातले चार शब्द आठवले. मी घाबरलो. त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "लॉईड, तुला बरं नाहीये का?"

हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "डॉक, कॉलेजात पहिल्याच आठवड्यात मोठ्या मुलांनी हे शिकवलं मला. पहिल्या परीक्षेत मूर्ख व्हायचं. म्हणजे नंतर डोकं आपटलं तरी आकडा तेवढाच. सीझनभर आपल्याला कोणी बाहेर बसवत नाही."

"अरे, पण मग ह्या चाचणीचा उपयोग काय?"

"उपयोग तुम्हाला. मला खेळायचंय. छत्तीस वर्षांचा आहे मी. एकदा बाहेर बसलो की परत कोण घेणार? कोपऱ्यावर उभा नसेन तर मी कोण आहे सांग बघू."

मी पुढच्या खेळाडूला हाक मारली. आणि खरं सांगायचं तर मला त्या युक्तीची गंमत वाटली. परीक्षेला फसवणाऱ्याचं आपल्याला उगाचच कौतुक असतं. मी आकडा जपून ठेवला आणि मूग गिळून बसलो.

त्याच दुपारी मुलींची चाचणी झाली. इराचा आकडा मी दोनदा पाहिला. वर्गात पहिल्या बाकावरची मुलगी, आणि बारातले तीन शब्द! गाडीत बसल्यावर विचारलं तर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हाट लॉईड गेझाक्ट, पापा." लॉईडने सांगितलं. त्याने तिला थेट सांगितलं नव्हतं. मोठ्या मुलांना तो हसत हसत कॉलेजचे किस्से सांगत होता, ते हिने मागे उभं राहून ऐकलं होतं. पण मी घरी पोचताच खालच्या मजल्यावर गेलो आणि दार उघडताच ओरडलो, "माझ्या पोरीला शिकवतोस हे?" आन्या आतून धावत आली. लॉईड एवढा मोठा माणूस, पण दारात शाळकरी पोरासारखा खाली मान घालून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, तो स्वतः इराला घेऊन बसला. "मी कॉलेजात गाढव होतो," तो तिला म्हणाला. "तू नीट दे. तुझं डोकं तुझ्या पप्पांना मोजता आलं पाहिजे." इराचा नवा आकडा उत्तम आला. मी जुना पुसून टाकला.

लॅपटॉप उघडाच होता. समोर लॉईड बसला होता. वीस मिनिटांचं काम होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात, ते मी माझ्या आईच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. त्या रविवारी मी लॅपटॉप बंद केला आणि आम्ही चौघं आन्याने केलेला सफरचंदाचा केक खात बसलो.

जूनमध्ये त्याला लागलं. त्याने पळणाऱ्या एका धिप्पाड मुलाला अडवायला डोकं खाली घातलं आणि त्याच्या गुडघ्यावर आपटला. उठला, हात वर केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मैदानाच्या कडेला येऊन बसल्यावर त्याने मला विचारलं, "आन्या आली नाही का?" आन्या त्याच्या शेजारी बसून त्याचा हात धरून होती.

सोमवारी संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात मी चाचणी घेतली. आन्या किंडरगार्टनमधल्या कामावरून आली होती, ओट्याशी पाठ टेकून उभी होती. ह्या वेळी लॉईड मन लावून खेळत होता, ते दिसत होतं. कपाळावर घाम, ओठ हलताहेत. इतकी मेहनत करूनही त्याचा आकडा आला तो फेब्रुवारीएवढाच. फेब्रुवारीत तो मुद्दाम मूर्ख झाला होता. आता तो जीव तोडून तिथे पोचला होता. ह्याचा अर्थ काय, हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं, आणि थोडंसं कदाचित त्याला.

"नंबर काय म्हणतोय, डॉक?"

"सारखाच आहे," मी म्हणालो. ते खोटं नव्हतं.

"गॉट झाय डांक, देवाची कृपा," आन्या म्हणाली आणि तिने डोळे पुसले.

लॉईडने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. कागदावर "बदल नाही" ह्या खान्यात फुली मारून खाली सही केली आणि तो हाडांच्या डॉक्टरांना पाठवून दिला. त्यांनी आकडा पाहिला आणि परवानगी दिली. त्यांनी दुसरं काय करायचं होतं? शून्य मी दिलं होतं.

मला त्या आठवड्यात बोलायला पाच दिवस होते. मी स्वतःला सांगत होतो, तो मोठा माणूस आहे, त्याचं डोकं, त्याचा निर्णय. संघाने वरच्या गटात जायचं की नाही, हे ठरवणारे शेवटचे तीन सामने होते आणि सगळं गाव फेराइनच्या मागे होतं. शुक्रवारी जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "तू खरा मित्र आहेस." शनिवारी दुसऱ्या डावात तो पुन्हा आपटला. ह्या वेळी त्याने हात वर केला नाही.

त्यानंतरचा लॉईड निराळा होता. खेळ सुटला. आधी वर्षभर नुसती डोकेदुखी आणि उजेडाचा त्रास. मग राग. आमच्या जिन्यातली पत्रपेटी त्याने एकदा हाताने पिरगळून काढली, कारण किल्ली सापडत नव्हती. किल्ली खिशात होती. दुसऱ्या दिवशी स्वतःच नवी आणून बसवली आणि सगळ्या शेजाऱ्यांच्या दारावर माफीची चिठ्ठी लावली. गुडघेही गेले होते. उलटं उतरलं की कमी दुखतं, म्हणून जिना तो पाठमोरा उतरायचा, कठडा धरून. शेजारचे म्युलर वर येताना थांबून वाट द्यायचे आणि लॉईड प्रत्येक वेळी म्हणायचा, "तुम्ही हलू नका, मी वळतो."

माझी आई तीन महिन्यांसाठी आली, ती ह्याच काळात. लॉईड तिचा लाडका झाला. थालीपीठ लोण्याबरोबर चार-चार खायचा. आईला इंग्रजी येत नव्हतं आणि त्याला मराठी, पण दोघं बाल्कनीत तासन् तास बसायची. ती त्याला लॉईडराव म्हणायची. एकदा दुपारी ती आत आली आणि हळूच म्हणाली, "शिरीष, अरे, ह्या लॉईडरावांनी मला आज पाचव्यांदा वाटी दाखवून विचारलं, हे काय म्हणून. पाच वेळा मी लोणी लोणी केलं. पाचही वेळा त्यांना नवलच वाटलं बघ."

"थकलाय तो, आई."

"थकलेला माणूस विचारतच नाही," आई म्हणाली. "तुझे आजोबा असेच झाले होते. पण ते ऐंशीचे होते. ह्यांचं वय काय?"

मी तिला वय सांगितलं. तिने तवा पुन्हा गरम केला. मग आणखी एक थालीपीठ घेऊन बाहेर गेली.

शेवटी आन्या त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. परत आली ती आमच्याकडेच, आनंदात. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, आजारापूर्वी कधी स्मरणशक्ती मोजली होती का? बहुतेकांकडे असं काही नसतं. "आमच्याकडे आहे ना!" आन्या मला म्हणाली. "तू घेतलेली चाचणी! मी फाइल दिलीसुद्धा." तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आताचा आकडा जुन्यापेक्षा थोडासाच खाली होता. ह्यांची स्मरणशक्ती मुळातच बेताची असावी, फार मोठी घसरण दिसत नाही, त्रास बहुधा मनाचा असावा, असं मत पडलं. लॉईडला नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या आणि बोलून बरं करणाऱ्या एका बाईंकडे दर बुधवारी जाणं सुरू झालं. तिथला पत्ता तो दर बुधवारी विसरायचा.

मेधाला मी सगळं तेव्हा सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "तू आन्याला सांगणार आहेस की मी सांगू?"

"सांगतो. थोडं थांब."

"किती थांबायचं? तो तिथे बसून आईवडिलांनी लहानपणी मारलं होतं का ह्याची उत्तरं देतोय, शिरीष!"

तरीही मी आणखी दोन महिने घालवले. हे लिहितानाही लाज वाटते, पण गेले ते गेलेच. एका शनिवारी तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीत आन्या एकटी वाळत घातलेल्या चादरी काढत होती. तिथे मी सांगून टाकलं. फेब्रुवारीतला आकडा खोटा होता, मला माहीत होतं, जूनमध्ये सही करतानाही माहीत होतं. तिने दोरीवरची एक चादर ओढून काढली. मी शिव्यांची वाट पाहत होतो.

"इराची चाचणी तू पुन्हा घेतली होतीस," ती म्हणाली. "मला आठवतंय. मी केक केला होता."

"हो."

"दुसऱ्याच दिवशी."

"हो."

तिने ओढून काढलेल्या चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघांनी ती चादर घडी केली, मग दुसरी. मग ती टोपली उचलून वर गेली. त्यानंतर तिने मला कधी दोष दिला नाही, आणि आमच्या घरी कधी केकही आणला नाही.

डॉक्टरीणबाईंकडे मी स्वतः गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आल्झो," त्या म्हणाल्या, "म्हणजे आधी तो कुठे होता हे आपल्याला माहीतच नाही. ठीक आहे. निदान आज कुठे आहे ते नीट मोजू. आजचं शून्य धरू आणि पुढे बघू." माझीच भाषा बोलत होत्या त्या. मला जरा धीर आला. अजून काहीतरी नीट करता येईल असं वाटलं.

चाचणीच्या दिवशी लॉईड डॉकशिवाय आत जायला तयार नव्हता, म्हणून मला त्याच्या शेजारी खुर्ची मिळाली. आन्या बाहेर थांबली. स्वच्छ पांढरी खोली, टेबलावर लॅपटॉप. लॅपटॉप पाहिल्याबरोबर लॉईडच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेली जाग आली. तो ताठ बसला, बोटं मोडली आणि मला म्हणाला, "सीझन सुरू झाला का? कोणी सांगितलंच नाही!"

डॉक्टरीणबाईंनी हळूहळू शब्द वाचून दाखवले. झाड, बूट, नदी, घंटा, असे बारा. मग म्हणाल्या, आठवतील तेवढे सांगा. लॉईड माझ्याकडे वळला. एक डोळा मिचकावला. आणि म्हणाला, "साबण."

"अजून?"

"घोडा," तो म्हणाला, आणि ओठ घट्ट मिटून हसू दाबायला लागला.

मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "लॉईड," मी कुजबुजलो, "आज नाही. आज खरं खेळ. जेवढे येतात तेवढे सगळे सांग."

"शू, डॉक. बाई बघताहेत." मग आणखी जवळ वाकून, "मूर्ख होतोय बघ. तू फक्त हसू नकोस."

आकृत्या आल्या, त्याने चुकीच्या जुळवल्या. दिवा लागला, त्याने बटण उशिरा दाबलं. तारीख विचारली, त्याने बारा वर्षांपूर्वीची सांगितली. अध्येमध्ये तो माझ्याकडे बघून डोळा मिचकावत होता. पण मध्येच एकदा त्याचा चेहरा कोरा झाला, बोटं बटणावर थबकली, आणि तेव्हा तो काही करत नव्हता, त्याला खरंच काही कळत नव्हतं. मग पुन्हा डोळा मिचकावला. डॉक्टरीणबाईंनी थांबून मला विचारलं, "ह्यातलं मुद्दाम किती आणि खरं किती? तुम्ही त्यांना ओळखता."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांकडे नाही, खांद्यांकडे नाही. त्यानेच शिकवल्याप्रमाणे कमरेकडे पाहिलं. पण तो खुर्चीत बसला होता, नुसता बसला होता. "मला सांगता येत नाही," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि कागदावर लिहून ठेवलं, चाचणी ग्राह्य नाही. पुढच्या वेळी पुन्हा घेऊ, म्हणाल्या. पुढची वेळ मार्चमध्ये होती. तो फेब्रुवारीत गेला.

त्या दिवशी बाहेर पडताना आन्या औषधांचा कागद घ्यायला खिडकीपाशी थांबली आणि मी त्याला घेऊन जिन्यापाशी आलो. वरच्या पायरीवर तो उभा राहिला.

"नंबर काय म्हणतोय, डॉक?"

ह्या वेळी मी त्याच्या तोंडाकडे बघून खरं सांगितलं. "कमी आहे, लॉईड. खूप कमी."

"शाब्बास!" त्याने माझ्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारली की मी हललो. "म्हणजे सीझनभर आपल्याला कोणी बाहेर बसवत नाही."

मग तो वळला, पाठमोरा झाला आणि एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने माझा खांदा धरून उलटा जिना उतरायला लागला. मी त्याच्या बाजूला, एक पायरी खाली होतो. खालून एक बाई लहान मुलाला घेऊन वर येत होती, ती आम्हाला बघून थांबली. लॉईडने तिच्या पावलांचा आवाज ऐकला होता. मागे न बघताच तो म्हणाला, "तुम्ही हलू नका, मी वळतो." पण कुठल्या बाजूला वळायचं हे त्याला आठवेना, आणि तो माझा खांदा घट्ट धरून तसाच जिन्याच्या मधोमध उभा राहिला.